गीताईची आई

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. ती ओलांडून वर्धा शहरी गेले म्हणजे तेथील गोपुरी या ठिकाणी एक आगळे मंदिर पाहावयास मिळते. या मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही आणि देवाची मूर्तीही नाही. उघड्या आकाशाखाली मोठमोठ्या शिळा ओळीने उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांवर भगवद्गीतेचे अठरा अध्याय मराठीत कोरलेले आहेत. १९८० साली आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते या मंदिराचे उद्‌घाटन झाले. शिळांवरील त्या मराठी गीतेचे नाव आहे ‘गीताई’. ती विनोबांनीच रचिली.

गीतेच्या नावात ‘आई’ हा शब्द कोठून आला? कवितेत गोड दिसावा म्हणून तो योजिला असेल काय? नाही. त्या शब्दामागे एक खरीखुरी आई आहे. तिने आपल्या मुलाजवळ एक लहानशी मागणी केली होती. ती मागणी पुरी होण्यापूर्वीच ती हे जग सोडून गेली. तिच्या मुलाने तिची आठवण कशी जपली, हे या पाठात आपणांस पाहावयाचे आहे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे या खेड्यात झाला. त्यांच्या आईचे नाव रुक्मिणीबाई. रुक्मिणीबाईंचे माहेर कर्नाटकातले. लग्न होऊन त्या कोकणात आल्या. पुढे विनायकाचे वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास गेले आणि काही काळाने मुलांना घेऊन रुक्मिणीबाईही तेथे गेल्या. अशा रीतीने त्या माउलीची पावले तीन मुलखांतून गेली. कानडी मुलखातून ती कोकणात आली आणि कोकणातून गुजरातेत गेली. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड हे मराठी होते. त्यामुळे दरबारी मराठीला मान होता. परंतु बाजारात, वाटेवर आणि शेजारीपाजारी गुजराती भाषा कानी पडे.

आपले गाव सोडून दूरच्या प्रदेशी जाणे ही गोष्ट तुम्हां मुलांना कदाचित मौजेची वाटेल. परंतु घरच्या गृहिणीला ती सोपी नसते. पुरुष नोकरीवर जातो, मुले शाळेत जातात. त्यांना नव्या ओळखी लवकर मिळतात. घर नव्याने उभे करण्याचे काम मात्र आईला करावे लागते. पाणी निराळे, भाजी निराळी, शेजारणीची बोली निराळी. अशा ठिकाणीही मुलांना आपले घर आपलेच वाटावे, म्हणून ती झटत असते. आपली गाणी, आपले सणवार आणि आपल्या हातची चव ती बरोबर घेऊन जाते.

आणि ही केवळ आपल्याच देशातील गोष्ट नव्हे. साधारण त्याच काळात, म्हणजे १८८० ते १९२४ या वर्षांत, युरोपातील इटली देशातून सुमारे चाळीस लाख माणसे आगबोटीने अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेली. पोटासाठी गेलेल्या त्या कुटुंबांतही आया होत्या. त्यांची मुले शाळेत इंग्रजी शिकू लागली. आया मात्र घरी आपल्या गावच्या बोलीतच मुलांना हाका मारीत आणि देवाची प्रार्थना करीत. आई गेल्यावर तिच्या मुलांना प्रथम आठवत असे तो तिचा आवाज आणि तिची ती बोली. देश कोणताही असो, घर सोडून आलेल्या आईची आठवण अशीच राहते.

रुक्मिणीबाईंचा गळा गोड होता. घरातील कामे करताकरता त्या संतांचे अभंग आणि पदे म्हणत. माहेरची कानडी भजनेही त्यांना येत असत. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे मिळाले नव्हते. परंतु कानांनी ऐकून त्यांनी पुष्कळ साठविले होते. विनायकाला त्या ‘विन्या’ म्हणून हाक मारीत. घरातील सर्वांची जेवणे झाली आणि काम आटोपले, म्हणजे ही माउली देवापुढे बसे. पूजा संपली की आपले दोन्ही कान धरून ती देवाची क्षमा मागे. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहत. विन्या हे दृश्य दुरून पाही. पुढे विनोबांनी मोठमोठ्या ग्रंथांचा अभ्यास केला. परंतु भक्ती म्हणजे काय, हे आपण प्रथम आईच्या त्या अश्रूंत पाहिले, असे ते सांगत असत.

आईने विन्याला पुढ्यात बसवून उपदेश असा क्वचितच केला असेल. तिचे वागणे हाच त्याचा पाठ होता. गागोद्याच्या घरी फणसाचे झाड होते. फणस पिकला की मुलांच्या तोंडाला पाणी सुटे. परंतु फणस फोडला म्हणजे आई आधी गऱ्यांचे द्रोण भरी आणि शेजारच्या घरोघरी नेऊन देण्यास विन्याला सांगे. सर्वांना वाटून झाल्यावरच घरातल्यांच्या वाट्याला गरे येत. देणाऱ्याच्या ठिकाणी देवपण येते आणि सारे स्वतःसाठी राखून ठेवणाऱ्याच्या ठिकाणी राक्षसपण येते, हे ती शब्दांच्या खेळातून मुलाला समजावी. विन्याने तो खेळ जन्मभर लक्षात ठेविला.

एकदा शेजारच्या घरातील गृहिणी परगावी गेली होती. तेव्हा आई आपल्या घरचा स्वयंपाक आटोपून शेजाऱ्यांच्या घरी जाई आणि तेथे रांधून देई. विन्याला यात आईचा थोडासा स्वार्थ दिसला. आधी आपल्या घरचे आणि मग दुसऱ्याचे, असे का, असे त्याने आईला विचारले. आई हसली. त्यांचा स्वयंपाक आधी करून ठेविला तर तो जेवणाच्या वेळेपर्यंत थंड होऊन जाईल, त्यांना ताजे आणि ऊन अन्न मिळावे म्हणून आपण मागाहून जातो, असे तिने त्याला समजाविले. विन्याला जो स्वार्थ वाटला होता, त्यातच दुसऱ्याची काळजी भरलेली होती.

एके दिवशी दारात एक धडधाकट भिकारी आला. आईने त्याला भिक्षा घातली. विन्या आता थोडा मोठा झाला होता. तर्क लढवू लागला होता. अशा धट्ट्याकट्ट्या माणसाला भिक्षा घातली तर आळस वाढेल, असे त्याने आईला बजाविले. आईने शांतपणे उत्तर दिले. दारी आलेला माणूस पात्र की अपात्र, हे ठरविणारे आपण कोण? जो दारी येतो त्याला देवाच्या ठिकाणी मानावे आणि आपल्या शक्तीप्रमाणे द्यावे, असे तिचे म्हणणे होते. पुढे विनोबा मोठे पंडित झाले. तरीही आईच्या या म्हणण्याचे खंडन आपल्याला कधी करता आले नाही, असे ते म्हणत.

परंतु आई मुलाला केवळ शिकवीत नसे. ती त्याच्याकडून शिकतही असे. एकदा तिने देवाला तांदळाच्या एक लाख दाण्यांची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. रोज ती एकेक दाणा मोजून वाही. नरहरपंत हे शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. एक तोळा तांदूळ घ्यावे, त्यांतील दाणे मोजावे, आणि त्या हिशेबाने लाख दाण्यांचे वजन काढून तितके तांदूळ वाहून टाकावे, अशी सोपी युक्ती त्यांनी सुचविली. गणित बरोबर होते. आईला उत्तर सुचेना. पण मनही मानीना. सायंकाळी विन्या घरी आल्यावर तिने त्याला विचारले. विन्या म्हणाला की हा गणिताचा प्रश्नच नव्हे. दाणा मोजताना प्रत्येक वेळी देवाचे स्मरण होते आणि त्या स्मरणासाठीच ही मोजणी आहे. आईला मोठा आनंद झाला आणि तिने ते उत्तर नरहरपंतांना सांगितले. जी गोष्ट आपल्या अंतःकरणाला कळते पण शब्दांत सांगता येत नाही, तिला आपल्या मुलाने शब्द दिले, हे तिने पाहिले. पुढे तिने जी मागणी केली, तिचे बीज कदाचित येथेच असावे.

१९१५ साली बडोद्यात एका प्रवचनकारांची गीतेवर प्रवचने चालू होती. आई ती ऐकावयास जाऊ लागली. काही दिवसांनी तिने विन्याला सांगितले की संस्कृत श्लोक आपल्याला समजत नाहीत. तेव्हा मराठीतील गीता आणून दे. विन्याने गद्य भाषांतराचे एक पुस्तक आणून दिले. आईला ते रुचले नाही. तिला पद्य हवे होते. गद्य वाचावे लागते, पण पद्य पाठ होते. काम करताना म्हणता येते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. विन्याने मग वामन पंडितांची समश्लोकी गीता आणली. वामन पंडित हे सतराव्या शतकातील थोर कवी. परंतु त्यांची भाषा पंडिती आणि संस्कृत शब्दांनी भरलेली. आईला तीही अवघड वाटली. याहून सोपी गीता मराठीत नाही, असे विन्याने सांगताच आईने त्यालाच विचारले की मग तूच का करीत नाहीस? तुला ते करता येईल, असा विश्वासही तिने बोलून दाखविला.

विन्या त्या वेळी वीस वर्षांचा होता. आपल्यासारख्या तरुणाने गीतेचे भाषांतर करावे, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. परंतु आईला ते शक्य वाटले होते. मुलाच्या अंगचे सामर्थ्य मुलाच्या आधी आईला दिसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्या वेळी विनायकाच्या मनात निराळीच ओढ उत्पन्न झाली होती. एके दिवशी तो चुलीजवळ बसून कागदांच्या सुरळ्या विस्तवात टाकीत होता. आईने विचारले तेव्हा कळले की तो आपली शाळेची प्रशस्तिपत्रे जाळीत आहे. आज गरज नसली तरी ठेवावयास काय हरकत आहे, असे आईने म्हटले. आपल्याला त्यांची गरज कधीच पडणार नाही, असे त्याने सांगितले. २५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला. पण वाटेत सुरतेस उतरून काशीस निघून गेला. तेथून पत्रव्यवहार करून तो ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींना भेटला आणि त्यांचाच झाला. मुलगा सुखरूप आहे हे गांधीजींच्या पत्राने घरी कळले. परंतु आईच्या मागणीचे काय? ती तशीच राहून गेली होती.

१९१८ साल उजाडले. त्या वर्षी इन्फ्लुएंझा नावाच्या तापाची साथ साऱ्या जगभर पसरली. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली. बडोद्याच्या भाव्यांच्या घरातही ती शिरली. आई, वडील आणि धाकटा भाऊ दत्तात्रेय, तिघेही अंथरुणास खिळले. विनोबा आश्रमातून बडोद्यास आले. वडील बरे झाले. परंतु आई आणि लहानगा दत्तात्रेय हे दोघेही गेले. २४ ऑक्टोबर १९१८ हा आईच्या मृत्यूचा दिवस. विनोबा तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

आईचे अंत्यसंस्कार आपण स्वतःच्या हाताने करावे, ते दुसऱ्या कोणाकडून करवू नयेत, अशी विनोबांची इच्छा होती. घरच्यांना ते रुढीला सोडून वाटले. विनोबांनी वाद घातला नाही. पण ते स्मशानातही गेले नाहीत. ते घरीच राहिले आणि स्नान करून वेदांच्या अध्ययनास बसले. हे वागणे त्या वेळी पुष्कळांना कठोर वाटले असेल. आपणांसही ते एकदम समजणार नाही. परंतु दुःख सर्वांचे सारखे दिसत नाही. कोणी मोठ्याने रडतो, कोणी मूक होतो, तर कोणी हाती एखादे काम घेतो. आईची जागा भरून काढणारे काही तरी आपल्याला हवे होते आणि ते आपण या अध्ययनात शोधिले, असे विनोबांनी पुढे सांगितले आहे.

आईच्या वस्तूंपैकी दोनच त्यांनी स्वतःजवळ ठेविल्या. एक तिचे लुगडे आणि दुसरी, तिच्या नित्य पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती. ते लुगडे घडी करून ते कित्येक वर्षे उशाशी घेत. संन्याशासारखा राहणारा, स्वतःची प्रशस्तिपत्रे विस्तवात टाकणारा तो तरुण आईचे लुगडे मात्र उशाशी घेऊन निजत असे. पुढे खादीखेरीज दुसरे वस्त्र वापरावयाचे नाही, असे व्रत त्यांनी घेतले. लुगडे खादीचे नव्हते. तेव्हा त्यांनी ते साबरमतीच्या पाण्यात सोडून दिले. मूर्तीची पूजा आपल्या हातून नित्य घडणार नाही, हे जाणून ती त्यांनी आश्रमातील एका भाविक भगिनीच्या स्वाधीन केली. आईची मूर्ती पूजेवाचून राहू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

आता आईची कोणतीच वस्तू त्यांच्याजवळ उरली नाही. उरला होता तो तिचा शब्द.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले. शेठ जमनालाल बजाज यांच्या विनंतीवरून तेथे आश्रमाची शाखा काढण्यात आली होती. सूत कातणे, विणणे, शिकविणे आणि अभ्यास करणे यांत वर्षे गेली. गीतेचे चिंतन मात्र अखंड चालू होते. १९३० साल आले. हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. आपल्या जिल्ह्यातही १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. सारा देश असा जागा झालेला असताना, ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी वर्ध्याच्या आश्रमात गीतेचे मराठी रूपांतर लिहावयास घेतले. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण झाले. सातशे श्लोकांचे काम चार महिन्यांत झाले. पण त्यामागे पंधरा वर्षांची तयारी होती.

गीता सोपी करावयाची आणि तरी तिचा अर्थ ढळू द्यावयाचा नाही, हे काम फार कठीण. संस्कृत श्लोकाच्या जागी मराठी श्लोक बसवावयाचा, तोही लहानशाच छंदात, आणि शब्द असे हवेत की घरातील बाईमाणसाला ते सहज कळावे. पुस्तक छापण्यापूर्वी विनोबांनी ते आश्रमातील मुलींना शिकवून पाहिले. ज्या शब्दापाशी त्या अडत, तो शब्द ते बदलीत. मोठमोठ्या पंडितांच्या आधी त्यांनी लहान मुलींना परीक्षक नेमले. जी भाषा या मुलींना कळेल, ती आपल्या आईलाही कळली असती, हीच त्यांची कसोटी असावी.

१९३२ साली ‘गीताई’ प्रसिद्ध झाली. तिची किंमत एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, ठेवण्यात आली. गरिबालाही ती घेता यावी, हा त्यामागील हेतू. त्या वेळी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ पर्यंत दर रविवारी एका अध्यायावर, याप्रमाणे त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेणारे बंदिवान होते साने गुरुजी. गुरुजींची आई १९१७ साली, म्हणजे विनोबांच्या आईच्या एक वर्ष आधी वारली होती. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. आई गमावलेली दोन मुले एकाच तुरुंगात भेटली. एकाने आईच्या गोष्टी सांगितल्या, तर दुसऱ्याने आईची मागणी पुरी केली. मराठी भाषेला या दोन्ही मातृभक्तांपासून अमोल देणगी मिळाली.

येथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ज्या आईसाठी ‘गीताई’ लिहिली, ती तर बारा वर्षांपूर्वीच गेली होती. तिने हे पुस्तक पाहिले नाही. त्यातील एकही श्लोक तिला म्हणता आला नाही. मग तिची इच्छा पुरी झाली असे कसे म्हणावे?

प्रश्न योग्य आहे. गेलेले माणूस परत येत नाही. आणि वेळेवर न दिलेली वस्तू त्याच्या हाती पडत नाही. ही खंत पुसून टाकता येत नाही. परंतु आईची मागणी तिच्या एकटीची नव्हती. संस्कृत न शिकलेल्या, चूल आणि मूल सांभाळीत देवाचे दोन शब्द समजून घेऊ पाहणाऱ्या हजारो माउल्या महाराष्ट्रात होत्या. त्या सर्वांच्या वतीने जणू ती बोलली होती. आपल्या आईला जे देता आले नाही, ते विनोबांनी इतरांच्या आयांना दिले. तेव्हापासून आजतागायत ‘गीताई’च्या लक्षावधी प्रती घरोघरी गेल्या आहेत. पहाटे दळताना, तुळशीपुढे बसून किंवा शाळेच्या प्रार्थनेत ती म्हटली गेली. आईचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग होय. तिला पोहोचविता न आलेली वस्तू, तिच्यासारख्या दुसऱ्या कोणाला पोहोचवावी.

आईने लाविलेले दुसरे रोपही पुढे वाढले. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनार येथील आपल्या आश्रमातून पायी निघाले आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून चालत तेलंगणात गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी तेथील भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याजवळ ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावकऱ्यांपुढे ठेविली आणि रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनी शंभर एकर जमीन देऊ केली. यातूनच भूदान चळवळीचा जन्म झाला. त्यानंतर कित्येक वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले आणि लोकांनी चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन देऊ केली. त्यांतील सारीच जमीन गरिबांच्या हाती पोहोचली नाही, हेही खरे आहे. तथापि हाती शस्त्र नाही, कायद्याची सत्ता नाही, असा एक कृश म्हातारा माणूस दारोदार जाऊन दान मागतो आणि लोक देतात, हे जगाला नवल वाटले. ज्यांनी गागोद्याच्या अंगणातील फणसाची गोष्ट ऐकली आहे, त्यांना मात्र ते तितके नवल वाटणार नाही. घरोघरी द्रोण नेऊन देणारा विन्याच आता मोठा होऊन गावोगाव हिंडत होता.

विनोबांनी पुष्कळ भाषा आत्मसात केल्या. तुरुंगात असताना त्यांनी दक्षिणेकडील चारही भाषा शिकून घेतल्या. त्यांत आईच्या माहेरची कानडी भाषाही होती. ज्या भाषेतील भजने बालपणी केवळ कानांवर पडली होती, त्या भाषेचे दार त्यांनी वाढत्या वयात स्वतः उघडले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे देहावसान झाले. १९८३ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला.

बालमित्रांनो, रुक्मिणीबाई कोठे भाषण करावयास गेल्या नाहीत. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. परक्या मुलखात राहून त्यांनी चार माणसांचा संसार केला, शेजाऱ्यास ऊन अन्न दिले, देवापुढे डोळे भरून क्षमा मागितली आणि मुलाजवळ एकदा एक गोष्ट मागितली. एवढ्यावरच त्यांची आठवण शंभर वर्षांनंतरही टिकून आहे; कारण मुलाने ती आपल्या कामात गुंफून ठेविली.

तुमच्यापैकी कित्येकांच्या आया दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या जिल्ह्यातून वा दुसऱ्या प्रांतातून येथे आल्या असतील. कोणाची बोली वऱ्हाडी, कोणाची गोंडी, कोणाची बंजारा, तर कोणाची तेलुगू असेल. त्यांच्या बोलीतील गाणी ऐकून ठेवा. ती पुस्तकांत सापडणार नाहीत. तुला काय शिकावयाचे होते आणि ते का राहून गेले, हे आईला एकदा अवश्य विचारा. कदाचित तिला स्वतःची सही करावयास शिकावयाचे असेल. कदाचित एखादी पोथी वाचावयाची असेल. ते काम आजच करता येण्यासारखे असेल तर उद्यावर टाकू नका. आणि ज्यांची आई आज या जगात नाही, त्यांनीही खिन्न होऊन बसू नये. तिचा एखादा शब्द तुमच्याजवळ नक्कीच राहिला असेल. तो शोधावा आणि त्याप्रमाणे चालावे.

स्वाध्याय

१. ‘गीताई’ या नावात ‘आई’ हा शब्द कसा आला, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. आईला गद्य गीतेपेक्षा पद्य गीता का हवी होती?

३. लाखोलीच्या प्रसंगी नरहरपंतांची युक्ती कोणती होती? विन्याने दिलेले उत्तर तुम्हांस पटते काय? का, ते सांगा.

४. छापण्यापूर्वी ‘गीताई’ मुलींना शिकवून पाहण्यात विनोबांचा हेतू कोणता होता?

५. फणसाचा प्रसंग आणि भूदान यांत लेखकाने कोणता संबंध दाखविला आहे?

६. दारी आलेल्या धडधाकट भिकाऱ्याविषयी आई व मुलगा यांची मते लिहा. तुमचे स्वतःचे मत काय आहे?

७. तुमच्या आईस किंवा आजीस येणारे, पण पुस्तकात नसलेले एक गाणे लिहून आणा व ते वर्गात म्हणून दाखवा.